मदत हवी आहे: घनाच्या ८ शिरोबिंदूंमधून नेमकी किती प्रतले जातात?

तीन नैकरेषीय (एका रेषेत नसलेल्या) बिंदूंमधून एक आणि एकच प्रतल जाते, इथपर्यंत पक्के आहे. चौरस पायाच्या पिरॅमिडचे ५ बिंदूही जमले: तीन-तीनचे गट १०, पण पायाचे चारही बिंदू एकाच प्रतलात असल्याने त्यातले ४ गट मिळून एकच प्रतल देतात. म्हणून १० − ४ + १ = ७. आकृतीत मोजले तरी सातच येतात.

गाडी अडते ती घनापाशी. तीन-तीनचे गट ५६. चार शिरोबिंदू सामावणारी प्रतले मला १२ दिसतात: ६ पृष्ठे, आणि समोरासमोरच्या दोन समांतर कडांमधून घन तिरका कापणारी ६. (ही तिरकी सहा पटकन नजरेत भरत नाहीत.) प्रत्येकात ४ गट, म्हणजे ४८ गट संपले. उरलेल्या ८ गटांतून एकेक कोपरा छाटणारी (म्हणजे त्या कोपऱ्याला कडांनी जोडलेल्या तीन शिरोबिंदूंतून जाणारी) ८ प्रतले. एकूण २०.

उत्तराबद्दल शंका नाही, कारणाबद्दल आहे. नववीतल्या मुलांना शिकवायचे असल्याने निर्देशक किंवा सदिश वापरता येणार नाहीत. एखादे कोपरा छाटणारे प्रतल घेतले, तर त्यात चौथा शिरोबिंदू येऊच शकत नाही, हे फक्त प्रतलांच्या मूलभूत गुणधर्मांवरून कसे सिद्ध करायचे?