'एन्गांचे'ला मराठीत 'उचल' म्हणावं का?

प्रश्न : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेलेल्या मेक्सिकन शेतमजुरांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. त्यात 'एन्गांचे' (मजुराला आगाऊ पैसे देऊन कामाला बांधणं) आणि भरती करणारा 'एन्गांचादोर' हे स्पॅनिश शब्द सारखे येतात. 'उचल' आणि 'मुकादम' चालतील?

प्रतिसाद १ : 'उचल'मध्ये पैसे येतात, अडकवणं येत नाही. 'एन्गांचार' म्हणजे आकड्यात अडकवणे. १९१० च्या क्रांतीत गावं उद्ध्वस्त झाली, माणसं रेल्वेने सीमेवरच्या एल पासोपर्यंत पोचली. हाती दमडी नाही. तिथे एन्गांचादोर भाड्याचे-जेवणाचे पैसे पुढे करी, माणशी दलाली घेई आणि त्यांना दूर कोलोरॅडो, मिशिगनकडच्या साखरबीटच्या शेतांवर धाडून देई. तो खर्च पुढे मजुरीतून कापला जाई. आपला ऊसतोडीचा मुकादम टोळीबरोबर फडात असतो, हा नसे. म्हणून 'भरती-दलाल'. आणि एन्गांचेला 'उचलीचा गळ'.

प्रश्नकर्ती : 'गळ' पटला! 'एल कोर्तितो'साठी 'खुरपं' लिहिलंय. 'बेताबेलेरो'ला 'बीटमजूर'.

प्रतिसाद १ : खुरपं कृपया नको. खुरपणी बसून होते. कोर्तितो म्हणजे हातभर दांड्याची कुदळ. ती धरून कमरेत दुमडून ओळीमागून ओळी विरळणी करायची, दिवसभर. लांब दांडा असता तर पाठी वाचल्या असत्या. पण आखूड दांड्यामुळे पाठ सरळ करायला उभा राहिलेला मजूर देखरेख करणाऱ्याला लांबूनच दिसे. कॅलिफोर्नियात ही कुदळ बंद व्हायला १९७५ साल उजाडलं, याचा मला आजही संताप येतो. 'आखूड कुदळ' लिहा.

प्रतिसाद २ : 'बीटमजूर' ठीक, पण करार बहुधा अख्ख्या कुटुंबाशी, एकरी दराने होई. लहान मुलंही वाफ्यात उतरत, आणि मजुरीचा काही भाग काढणी संपेपर्यंत अडवून ठेवत. तेव्हा निदान पहिल्यांदा 'बीटमजूर कुटुंब' म्हणा. आपल्याकडे ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तसाच हा हिशेब. पण 'कोयता' लिहिलात तर वाचकाला ऊसच दिसेल.

आणखी एक. १९३० नंतरच्या मंदीत मेक्सिकनांना गाड्यांत भरून मेक्सिकोला धाडलं, त्या 'रेपात्रियासियोन'ला 'मायदेशी पाठवणी' म्हणू नका. त्या गाड्यांत अमेरिकेतच जन्मलेली, तिथली नागरिक असलेली असंख्य मुलं होती. 'हुसकावणी' म्हणा.