शामोनीतले दोन पुतळे आणि आर्व्हचं राखाडी पाणी

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मुलाकडे जिनिव्हाला आले आहे. परवा त्याने फ्रान्समधल्या शामोनीला नेलं, आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या अगदी पायथ्याशी. गावातून आर्व्ह नदी वाहते. तिच्या काठच्या चौकात एक मोठा पुतळा आहे. एक माणूस हात लांब करून शिखर दाखवतोय आणि शेजारचे भारदस्त गृहस्थ तिकडे बघताहेत. तिथून जवळच आणखी एक पुतळा आहे, एकटाच बसलेला, नजर त्याच शिखरावर. सगळ्यांचे फोटो पहिल्यापाशी, याच्याजवळ कोणी थांबतही नव्हतं. मुलगा म्हणाला, हे पहिले चढणारे. मग तिघं चढले का? आणि हा एकटा का?

दुसरा प्रश्न नदीचा. बर्फाचं वितळलेलं पाणी स्वच्छ असेल अशी माझी समजूत. आर्व्ह तर पार राखाडी. आमची गोदावरी गढूळ होते ती आषाढ-श्रावणात, पुराच्या पाण्याने. इथे आभाळ निरभ्र होतं. वर कुठे सांडपाणी सोडतात का?

जिनिव्हाकर
काकू, बसलेल्या माणसाबद्दल तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला. ते डॉ. मिशेल-गाब्रिएल पाकार. माँ ब्लाँवर पहिल्यांदा पोचले ते दोघंच, हे पाकार आणि झाक बाल्मा. शिखर दाखवणारा तो बाल्मा. त्याच्याशेजारी उभे आहेत ते जिनिव्हाचे प्राध्यापक ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर. पहिल्या चढाईत ते नव्हतेच, ते वर गेले पुढच्या वर्षी. (जुन्या वीस स्विस फ्रँकच्या नोटेवर त्यांचंच चित्र होतं.) त्यांच्या चढाईला शंभर वर्षं झाली तेव्हा, १८८७ साली, तो जोडपुतळा उभा राहिला. पाकारना असा पुतळा मिळायला १९८६ उजाडलं.

हे असं का झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

सोस्यूर १७६० मध्ये विशीत असताना शामोनीला आले आणि शिखराची वाट शोधून काढणाऱ्याला त्यांनी बक्षीस जाहीर केलं. पुढची पंचवीस वर्षं लोक प्रयत्न करत राहिले. शामोनी तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतं, सार्डिनियाच्या राजाकडे होतं. म्हणून गावच्या नोटरीचा मुलगा पाकार तुरीनला जाऊन डॉक्टर झाला. परत आल्यावर दुर्बीण लावून तो डोंगराचा अभ्यास करायचा, वाटा ताडून बघायचा. बाल्मा त्याच्याहून पाचेक वर्षांनी लहान. डोंगरात स्फटिक शोधून विकायचे हा त्याचा धंदा.

७ ऑगस्ट १७८६ ला दोघं निघाले. बोसों आणि ताकोना या दोन हिमनद्यांच्या मधून एक सोंड वर चढत जाते, तिच्या माथ्यावर मुक्काम केला. पहाटे हिमनदीत शिरले. दोर नाही, शिडी नाही, बर्फाची कुऱ्हाड नाही, हातात फक्त लोखंडी टोकाच्या लांब काठ्या. भेगांवर बर्फाचे पातळ पूल असतात, ते काठीने चाचपत ओलांडायचे. शिवाय डॉक्टरांजवळ वायुभारमापक होता. ८ तारखेला संध्याकाळी सहा वाजून तेवीस मिनिटांनी दोघं शिखरावर होते. अर्धा-पाऊण तास थांबून रात्री चंद्रप्रकाशात उतरले. बर्फाच्या झळाळीने पाकारचे डोळे गेले होते, दुसऱ्या दिवशी त्यांना धड दिसत नव्हतं.

बाल्मा जिनिव्हाला जाऊन बक्षीस घेऊन आला. ते ठीकच. पण मार्क-थिओडोर बूरी नावाचे एक गृहस्थ होते, जिनिव्हाच्या कॅथिड्रलमधले मुख्य गायक, चित्रकार आणि लेखक. त्यांना स्वतःला शिखर साधलं नव्हतं. त्यांनी पत्र छापून सगळं श्रेय बाल्माला दिलं आणि डॉक्टरला मागे फरपटत आलेला ठरवलं. पुढे १८३२ मध्ये म्हाताऱ्या बाल्माने फ्रेंच लेखक अलेक्सांद्र द्युमाला हीच कथा आणखी रंगवून सांगितली. द्युमाने लिहिलं म्हटल्यावर ती युरोपभर गेली. पाकार त्याआधीच, १८२७ मध्ये वारले होते. चढाईवरचं पुस्तक त्यांनी जाहीर केलं होतं, ते निघालंच नाही.

सत्य बाहेर आलं ते एका तिऱ्हाइतामुळे. त्या दिवशी फॉन गेर्सडॉर्फ नावाचे जर्मन सरदार शामोनीत होते. त्यांनी दुर्बिणीतून चढाई पाहिली, वेळा टिपल्या, वाटेचं रेखाटन केलं. त्यांची डायरी अभ्यासकांच्या हाती लागली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तिच्यात कोणी कोणाला ओढत नाहीये. दोन माणसं आपापल्या पायांनी वर जाताहेत.

सह्यवेडा
दादा, पाकारना न्याय द्यायलाच हवा, पण बाल्माला खलनायक करू नका. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने वरच्या हिमनदीवर एकट्याने रात्र काढली होती, बरोबरचे पुढे निघून गेले होते. तोवर लोकांची खात्री होती की बर्फावर रात्र काढली की माणूस मेलाच. तो सकाळी जिवंत उतरला आणि ती भीती गेली. त्याशिवाय ऑगस्टमध्ये कोण धजावलं असतं? डॉक्टरांचा अभ्यास आणि बाल्माची छाती, दोन्ही लागलं. बिचारा शेवटी, १८३४ मध्ये, सोनं शोधायला सिक्सच्या डोंगरात गेला आणि कड्यावरून पडला. सत्तरी उलटली होती तेव्हा.

काकू, दोन बायकांची नावंही लक्षात ठेवा. मारी पाराडी, शामोनीतली मोलकरीण, १८०८ मध्ये शिखरावर गेली. १८३८ मध्ये आंरिएत दांजव्हील गेली, स्वतः मोहीम आखून, स्वतःचे वाटाडे नेमून.

जिनिव्हाकर
खलनायक नाही म्हणत मी त्याला, सह्यवेडा. त्याची ती जूनमधली रात्र मी मानतोच. माझा राग बूरींवर आहे.

आता नदी. काकू, सांडपाणी नाही हो, तो डोंगरच आहे. हिमनदी सरकते तेव्हा तिच्या पोटात अडकलेले दगड खालचा कातळ खरवडतात आणि जात्यात पडल्यासारखं सगळं दळलं जातं. ते पीठ इतकं बारीक की वाहत्या पाण्यात तळाशी बसतच नाही, तरंगत राहतं. म्हणून ऊन जितकं कडक, वितळणं जितकं जास्त, तितकी आर्व्ह जास्त राखाडी. थंडीत या, बर्फ गोठलेलं असतं, पाणी कमी आणि बरंच निवळ दिसेल.

आर्व्ह कोल द बाल्म खिंडीच्या बाजूने उगवते. शामोनीजवळ मेर द ग्लास हिमनदीचं पाणी घेऊन आर्व्हेरों तिला मिळते. पुढे सालांश, क्लूझ, बॉनव्हील करत ती जिनिव्हाला ऱ्होनमध्ये पडते. ऱ्होनसुद्धा हिमनदीतूनच निघते, पण जिनिव्हाच्या तळ्यात शिरताना ती आपला गाळ तिथेच टाकते आणि दुसऱ्या टोकाने निळी होऊन बाहेर येते. आर्व्हच्या वाटेत असं तळं नाही.

माँ ब्लाँच्या रांगेचा ईशान्य भाग स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिथलं पाणी त्रिआँ आणि द्रांस या नद्यांतून मार्तिन्यीच्या आसपास ऱ्होनला मिळतं. म्हणजे जिनिव्हाच्या संगमावर राखाडी पाण्यात ही रांग आहेच, निळ्यातही थोडी आहे. पलीकडे इटलीच्या अंगाला व्हेनी आणि फेरे या दोन दऱ्यांतल्या ‘दोरा’ नावाच्या नद्या कुरमायरपाशी एक होऊन दोरा बाल्तेआ होते, ती पो नदीला मिळते आणि एड्रिअॅटिकला जाते. ऱ्होन जाते मार्सेच्या पश्चिमेला भूमध्य समुद्रात.

रानवाटा
बोसों हिमनदीचं नाव आलं म्हणून लिहिते. १८२० मध्ये डॉ. हामेल यांच्या चढाईत हिमलोटाने तीन वाटाड्यांना भेगेत लोटलं. दुसऱ्याच वर्षी शामोनीत वाटाड्यांची संघटना उभी राहिली, ती आजही आहे. त्या तिघांचे अवशेष १८६१ मध्ये बोसोंच्या खालच्या टोकाला बाहेर आले. हिमनदी किती वेगाने सरकते याचा हिशेब करून स्कॉटिश शास्त्रज्ञ फोर्ब्स यांनी चाळीसेक वर्षांचा अंदाज आधीच दिला होता.

आपलाही या हिमनदीशी संबंध आहे. मुंबईहून निघालेली एअर इंडियाची दोन विमानं माँ ब्लाँवर आदळली, ३ नोव्हेंबर १९५० ला ‘मलबार प्रिन्सेस’ आणि २४ जानेवारी १९६६ ला ‘कांचनजंगा’. पहिल्यात ४८ माणसं गेली, दुसऱ्यात ११७, त्यांत डॉ. होमी भाभा. २०१२ मध्ये बोसोंच्या बर्फातून आपल्या परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी निघाली. पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी सापडली, त्याने ती पोलिसांकडे नेऊन दिली. माझे वडील भाभांच्या संस्थेत होते. ती बातमी वाचून ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

गोदाकाठ
रानवाटा, वाचून अंगावर काटा आला. १९६६ चा तो दिवस मला आठवतो, शाळेत होते मी. हे ठिकाण शामोनीजवळच आहे हे परवा माहीत असतं तर बोसोंकडे नक्की गेले असते. सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तो संगम कुठून बघायचा? मुलगा म्हणतो जवळच आहे.

जिनिव्हाकर
जवळच. जाँक्शन भागात दोन नद्यांमधल्या जमिनीच्या टोकापर्यंत चालत जाता येतं, पण वरून जास्त छान दिसतं. आर्व्हच्या पलीकडच्या काठाने रानातली वाट धरून रेल्वेच्या उंच पुलावर या, पुलावर पायी चालायला जागा आहे. दोन रंगांची रेघ तिथून सरळ खाली दिसते. ऊन पडलेल्या दिवशी जा. आणि बोसोंसाठी पुन्हा शामोनीला जाणार असाल तर गावातूनच बस आहे. त्या फेरीत पाकारपाशी मुलाला उभं करून एक फोटो काढा आणि इथे टाका.