शब्दचर्चा : लोड, भार, वापर आणि ताण

प्रश्न

लिनक्स सर्व्हरांच्या देखभालीसाठी आमच्या गटात एक मराठी कार्यपुस्तिका तयार होत आहे. तीत ‘लोड ॲव्हरेज’साठी ‘सरासरी भार’ हा शब्द योजला आहे. ‘भार ८’ असे वाचून काही नव्या सहकाऱ्यांनी प्रोसेसर आठ टक्के वापरात आहे असा अर्थ घेतला, तर काहींनी तोच आकडा धोक्याचा मानून सेवा पुन्हा सुरू करण्याची तयारी केली. भार, वापर आणि ताण हे तिन्ही शब्द आमच्या नोंदींत एकमेकांच्या जागी येतात. या आकड्याला नेमके काय म्हणावे, आणि उरलेले शब्द कुठे वापरावेत?

उत्तर

आकडा कशाचा आहे हे आधी ठरवले, तर शब्दाचा प्रश्न बराचसा सुटतो. ‘अपटाइम’, ‘टॉप’ किंवा ‘डब्ल्यू’ या आज्ञांमध्ये दिसणारे तीन आकडे म्हणजे टक्केवारी नव्हे, ती प्रोसेसची, म्हणजे यंत्रावर सुरू असलेल्या प्रोग्रॅमांची, संख्या आहे. त्या क्षणी प्रोसेसरवर चालू असलेल्या, प्रोसेसर मिळण्याची वाट पाहणाऱ्या, आणि डिस्कसारख्या साधनाकडून उत्तर येईपर्यंत मध्येच थांबवता न येणाऱ्या प्रतीक्षेत असलेल्या, अशा तिन्ही प्रकारच्या प्रोसेस त्यात मोजल्या जातात. त्यामुळे ‘८’ चांगले की वाईट हे आकड्यावरून ठरत नाही. सोळा प्रोसेसर असलेल्या यंत्रावर ते बहुधा निर्धास्त असण्यासारखे आहे, पण दोन प्रोसेसरच्या यंत्रावर त्याची चौकशी करणे भाग आहे.

‘सरासरी’ या शब्दाबद्दलही मला शंका आहे. १, ५ आणि १५ मिनिटांचे हे आकडे तेवढ्या मिनिटांची साधी सरासरी नसतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, साधारण दर ५ सेकंदांनी नवी मोजणी करतो आणि जुन्या मोजणीचे वजन क्रमाक्रमाने कमी करत नेतो. अगदी रिकाम्या यंत्रावर प्रोसेसर सतत व्यापून ठेवणारी एकच प्रोसेस सुरू केली, तरी एका मिनिटानंतर पहिला आकडा १ होत नाही, तो ०.६३च्या आसपास असतो. ‘गेल्या मिनिटाची सरासरी’ असे लिहिले तर वाचकाचा हिशेब चुकतो. म्हणून पुस्तिकेत ‘एक मिनिटाचा लोड’ एवढेच म्हणावे, आणि व्याख्येत हे घटते वजन एकदा नीट समजावून सांगावे.

प्रतिप्रश्न

मग ‘भार’ऐवजी ‘रांग’ हा शब्द का घेऊ नये? ‘रांगेत आठ’ म्हटल्यावर टक्केवारीचा गैरसमज उरणार नाही.

उत्तर

‘रांग’ अर्थाच्या जवळ येतो, पण दोन ठिकाणी अपुरा पडतो. ज्या प्रोसेसचे काम प्रत्यक्ष चालू आहे ती रांगेत नसते, तरीही मोजली जाते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. रांग म्हटले की वाचक प्रोसेसरसमोरची रांग समजतो, आणि लिनक्समध्ये नेमका तिथेच घोटाळा होतो. १९९३ साली झालेल्या एका बदलापासून लिनक्स या मोजणीत ‘डी’ अवस्थेतील, म्हणजे साधनाची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही धरतो. त्यामागचा तर्क असा होता की वेगवान स्वॅप डिस्क (मेमरी अपुरी पडल्यास तिच्यातील मजकूर जिथे हलवतात ती डिस्क) काढून मंद डिस्क बसवली, तर यंत्र हळू होत असताना लोडचा आकडा मात्र खाली येत होता, आणि असे मापन उपयोगाचे नव्हते.

याचा परिणाम रोजच्या कामात दिसतो. जाळ्यावरून जोडलेला एनएफएस साठा (दुसऱ्या यंत्रावरील फाइलींचा साठा) प्रतिसाद देईनासा झाला की त्याला हात लावणारी एकेक प्रोसेस ‘डी’ अवस्थेत जाऊन बसते. लोड चाळीसवर जातो, प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा असतो. अशा वेळी ‘भार वाढला’ अशी नोंद केली, तर पुढचा माणूस प्रोसेसर खाणारी प्रोसेस शोधत बसतो आणि ती त्याला सापडत नाही. त्याने ‘पीएस’ या प्रोसेसची यादी देणाऱ्या आज्ञेच्या अवस्थेच्या स्तंभात ‘डी’ किती आहेत ते पाहायला हवे, किंवा ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेचे ‘आर’ (चालू किंवा प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रोसेस) आणि ‘बी’ (साधनासाठी अडकलेल्या प्रोसेस) हे स्तंभ शेजारी ठेवून वाचायला हवेत. ‘आर’ फुगलेला असेल तर प्रोसेसरची टंचाई आहे, ‘बी’ फुगलेला असेल तर साठवणीकडे वळावे.

माझे मत स्पष्ट आहे. या आकड्यासाठी ‘लोड’ हाच शब्द ठेवावा. तो बोलण्यात रुळलेला आहे, ‘लोड वाढला’, ‘लोड उतरला’ अशी त्याची पुल्लिंगी रूपेही स्थिर झाली आहेत. ‘भार’ बाहेरून येणाऱ्या मागणीसाठी राखावा, उदाहरणार्थ दर सेकंदाला येणाऱ्या विनंत्या. लोड बॅलन्सर, म्हणजे विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा, वाटून देतो तो हा भार. भार तेवढाच राहून डिस्क मंदावल्यामुळे लोड दुप्पट होऊ शकतो, म्हणून दोन्हींना एक शब्द वापरला तर कारण आणि परिणाम यांची सरमिसळ होते.

‘वापर’ म्हणजे साधन किती टक्के वेळ गुंतलेले होते. इथे एक खाच आहे. ‘टॉप’मधील ‘डब्ल्यूए’ हा आकडा अनेक जण वापरात धरतात, पण तो प्रोसेसरचा रिकामा वेळच असतो, फक्त त्या वेळात एखादे वाचन किंवा लेखन पूर्ण व्हायचे राहिलेले असते.

पूरक उत्तर

‘ताण’ या शब्दाला आता स्वतःची हक्काची जागा आहे. २०१८मध्ये आलेल्या कर्नल ४.२०पासून ‘प्रॉक’मधील ‘प्रेशर’ या निर्देशिकेत प्रोसेसर, मेमरी आणि आयओ (डिस्कसारख्या साधनांवरील वाचन-लेखन) यांच्यासाठी वेगवेगळे मापन मिळते. साधन न मिळाल्याने काम किती टक्के वेळ खोळंबले हे ते सांगते. त्यातील ‘सम’ (some) या ओळीचा अर्थ निदान एक तरी काम खोळंबले होते, आणि ‘फुल’ (full) या ओळीचा अर्थ करण्याजोगी सर्वच कामे एकाच वेळी खोळंबली होती. या मापनाला मराठीत ‘दाब’पेक्षा ‘ताण’ शोभतो, कारण इथे सोसणारे काम आहे. ही टक्केवारी असल्यामुळे दोन वेगवेगळ्या यंत्रांची तुलनाही करता येते, जी लोडवरून थेट करता येत नाही.

कंटेनरच्या (एकाच यंत्रावर वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आत दिसणारा लोड साधारणपणे संपूर्ण यजमान यंत्राचा असतो, हेही पुस्तिकेत असावे.

प्रश्नकर्त्याकडून

आपल्या सूचनांनुसार एक नोंद नव्याने लिहिली आहे : ‘चार प्रोसेसरचे यंत्र. लोड ११.४, ६.७, ३.२. प्रोसेसरचा वापर १५ टक्के. डी अवस्थेत ११ प्रोसेस. आयओचा ताण, सम, ६० सेकंदांचा, ९८ टक्के. भार नेहमीइतकाच.’

उत्तर

ही नोंद वाचणाऱ्याला डिस्ककडेच जावे लागेल. तीन आकड्यांमधील अंतरही बोलके आहे. अकरा प्रोसेस एकदम अडकल्या असतील, तर आकड्यांची ही उतरंड सुमारे चार मिनिटांत तयार होते, म्हणून कर्नलच्या संदेशांमध्ये त्या वेळेच्या आसपासचे डिस्कचे दोष आधी शोधावेत. एखादी प्रोसेस १२० सेकंदांहून अधिक काळ अडकून राहिल्याचा इशाराही, ती तपासणी चालू ठेवलेली असल्यास, तिथेच मिळेल. नोंदीत फक्त वेळ लिहायची राहिली आहे, ती सुरुवातीलाच घालावी.