परदेशात व्यवसाय: लवादाचं कलम की तिथलं न्यायालय?

दर्यावर्दी:
परदेशात पाय रोवायचे तर शाखा काढू नका, उपकंपनी काढा. शाखा म्हणजे कायद्याने मूळ कंपनीच. तिचं देणं थकलं की धनको थेट मुख्यालयावर येतो. आणि ग्राहकाशी करताना करारात तिसऱ्या देशातल्या लवादाचं, म्हणजे न्यायालयाऐवजी दोन्ही बाजूंना मान्य त्रयस्थाने वाद सोडवण्याचं, कलम हवंच. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा १७० हून अधिक देशांत वसूल करता येतो. न्यायालयाच्या निकालाला एवढी व्यापक सोय नाही.

तळटीप:
साफ असहमत. लवादांचं मानधन, संस्थेचं शुल्क, वर वकील. छोट्या कंपनीचा दावा खर्चातच संपतो. समोरच्याची मालमत्ता त्याच देशात असेल तर वसुलीसाठी शेवटी तिथल्याच न्यायालयात जायचं. मग थेट तिथेच दावा का लावू नये? शिवाय न्यायालयांच्या निकालांसाठीचा २०१९ चा हेग करार २०२३ पासून युरोपीय संघात लागू झालाय. उपकंपनीच्या आडोशावरही फार विसंबू नका. झांबियातल्या खाणीच्या प्रदूषणाचा दावा मूळ कंपनी वेदांतावर इंग्लंडमध्ये चालवायला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच मोकळीक दिली.

दर्यावर्दी:
तो दावा प्रदूषणाची झळ बसलेल्या गावकऱ्यांचा होता, आणि त्यांना दाद मागता आलीच पाहिजे. तिथे प्रश्न होता मूळ कंपनी खाणीच्या कारभारात किती लक्ष घालत होती हा. उधारी बुडवणाऱ्या ग्राहकाशी त्याचा काय संबंध? वसुली तिथल्या न्यायालयातूनच होते, कबूल. पण ते न्यायालय मूळ वाद पुन्हा उकरत नाही, मोजक्याच कारणांवर निवाडा नाकारू शकतं. फरक इथेच आहे. खर्चाची भीती असेल तर एकच लवाद आणि जलद प्रक्रिया आधीच लिहून घ्या.

बंदरकाठ:
बहुतेक कंपन्या सुरुवात करतात कमिशन एजंट नेमून, आणि फसतातही तिथेच. युरोपीय संघाच्या १९८६ च्या निर्देशानुसार करार संपवताना एजंटला भरपाई देणं लागू शकतं, आणि त्याने तो हक्क आधीच सोडल्याचं कलम चालत नाही. इंगमार प्रकरणात कंपनी कॅलिफोर्नियाची, करारात कायदाही तिथलाच. तरी २००० मध्ये युरोपीय न्यायालयाने तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनमधल्या एजंटला या निर्देशाचं संरक्षण दिलं. तुमचं लवादाचं कलम इथे काय करणार?

दर्यावर्दी:
एजंटच्या बाबतीत पटलं, तिथे त्या देशाचा कायदा आधी वाचायलाच हवा. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी मात्र मी लवादच धरेन.

तळटीप:
आणि मी रक्कम बघून ठरवेन. दावा छोटा असेल तर तिथला वकील आणि तिथलंच न्यायालय.