विषय : जुनी कॅम्परव्हॅन, शनिवारपर्यंत मत हवंय

नमस्कार मंडळी,
काल एक कॅम्परव्हॅन (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) बघून आले. चौदा वर्षांची आहे, पण पहिल्या चावीला सुरू झाली आणि किलोमीटरही कमी. आतलं फर्निचर कळकट आहे, ते आम्ही दोघं मिळून करू म्हणतोय. शनिवारी मालकाला होकार द्यायचाय. कुणी या भानगडीत आधी पडलंय का?

---

पडलोय, आणि चांगलाच आपटलोय. इंजिन सगळ्यात शेवटी बघ. इंजिनाला मेकॅनिक मिळतो, कुजलेल्या भिंतीला कुणी हात लावत नाही.

मी घेतली तेव्हा बेडमागचा वॉलपेपर जरासा फुगलेला होता. मालक म्हणाला, उन्हाने झालंय. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. घरी आणून अंगठा दाबला तर आतलं प्लायवुड ओल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं. बरं, पाणी तिथून शिरतच नव्हतं! छतावरच्या व्हेंटच्या, म्हणजे हवेच्या झरोक्याच्या, कडेने येऊन आतल्या आत दोन हात सरकलेलं. सहा महिने भिंत उघडी, आणि घरात माझ्याशी कुणी धड बोलेना.

लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर माझ्याकडे आहे, घेऊन जा. खिडक्यांचे खालचे कोपरे, व्हेंटच्या भोवती, मागच्या दिव्यांजवळ, सिंकखाली लावून बघ. १५ टक्क्यांपर्यंत ठीक. २० च्या वर गेला की शंका घे. ३० दिसले तर नमस्कार करून नीघ. आत शिरल्याबरोबर एअर फ्रेशनरचा घमघमाट आला, तरी मी हल्ली सावध होतो.

कमी किलोमीटरवर भुलू नकोस. कॅम्परचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर DOT ही अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. टायमिंग बेल्टचीही, म्हणजे इंजिनातल्या पट्ट्याचीही, वर्षं मोज.

आणि गळतीवर सिलिकॉन फासलेलं दिसलं तर ती जागा आधी तपास. सिलिकॉनवर नंतर दुसरं काही धड चिकटत नाही. व्हेंट, खिडक्या पुन्हा बसवताना ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, वापरतात.

---

काकांच्या मेलला जोड. आतल्या दिव्यांची वगैरे बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर तिच्या १०० अँपिअर-तासांच्या क्षमतेतले ५० च आपले समजायचे, रोज त्याखाली उतरवली तर लवकर मरते. प्रत्येक जादा वायरला फ्यूज हवा, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ.

गॅसच्या कपाटात तळाला एक भोक असतं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तिथून खाली निघून जावा म्हणून. आमच्या गाडीत आधीच्या मालकाने थंडी वाजते म्हणून त्यात चिंधी कोंबली होती! ती बघून मी आधी सगळी गॅस लाइन तपासून घेतली, मग पडद्यांचं कापड आणलं.

---

काका, ताई, आत्ताच जाऊन आले.
टॉयलेटच्या कोपऱ्यात मीटरने २८ दाखवले. मालक म्हणाला, मीटर बिघडलेला असेल. म्हणून तोच मीटर त्याच गाडीतल्या वरच्या कपाटाला लावला : ११. मग तो काही बोलला नाही. टायर गाडीबरोबरचेच, चौदा वर्षांचे.
होकार दिला नाही. रविवारी दुसरी एक बघायला जातेय, तेव्हा काका, मीटर आणखी दोन दिवस ठेवून घेते.