मदत हवी आहे : मे महिन्यात कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर कुठले पक्षी, कुठली फुलं?
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, रंकाळा, कळंबा तलावांवर पक्षी बघतो त्यामुळं पाणकावळा, शेराटी, जांभळी पाणकोंबडी ओळखीचे, समुद्राकडचे फारसे बघितलेले नाहीत. मेमध्ये फोंडा घाटातनं कुणकेश्वरला जायचंय, आईपण येणाराय आणि तिला फुलांची लय हौस. वाळूवर पसरलेली मर्यादवेल मिळेलच, तिची जांभळट फुलं सकाळी बघावी लागतात, दुपारपर्यंत मिटतात. पण कुरव, चिखल्या हे थंडीतले पाहुणे पक्षी तोवर बहुतेक उत्तरेला गेलेले असतात ना, का मागं राहिलेले थोडे दिसतात अजून? समुद्रगरुड लांबनं दुर्बिणीतनं दिसेल अशी जागा कुठली? घरट्याचा पत्ता नको, त्यांना अजिबात त्रास द्यायचा नाही. आणि मर्यादवेल सोडून अजून कुठली फुलं शोधू, नावं सांगा प्लीज, आईला वहीत लिहून घ्यायचीत.