लेहला जाईपर्यंतचे तीन महिने

लेहची तिकिटं काढून झालीत, जायला अजून तीन महिने आहेत आणि तोवर घरात कुणाचंच कशात लक्ष लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला तर हा काळ फार आवडतो.

तुम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहता, म्हणजे येऊरचा डोंगर हाताशी आहे. रविवारी पहाटे सगळ्यांनी उपवन तलावाकडून चढाचा रस्ता धरा, गप्पा मारत चढता येईल इतक्याच वेगानं. यानं दमसास वाढेल. उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास मात्र त्यानं टळत नाही, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे आणि विमानानं थेट पोचल्यावर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. पहिले दोन दिवस निव्वळ आराम. खारदुंग ला खिंड, पँगाँग तलाव सगळं त्यानंतर. आईबाबा बरोबर आहेत, तर त्यांच्या डॉक्टरांना या महिन्यातच भेटा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, कुणीही आपल्या मनानं घेऊ नये.

आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, एक तरी पोस्टपेड करून घ्या.

रोज रात्री व्हिडिओ बघणं मात्र कमी करा, मनापासून सांगते. सगळं आधीच पाहून झालं की तिथला पहिला आनंद ओसरतो. त्यापेक्षा मुलांना नकाशावर सिंधू शोधायला लावा. लेहजवळून वाहत ती पुढे कुठे जाते ते त्यांनीच आजीआजोबांना सांगू दे. आमच्याकडे जेवणं झाल्यावर तासभर हेच चालायचं.